सायबाचे नऊ पाय

आमचे सासरे गोपीचंदजी माणूस हुशार, पण लिलाव दिसला की त्यांची हुशारी चुलीत जायची. सत्तेचाळीस साली कारंज्याच्या एका जिनिंगचा गोरा साहेब बिऱ्हाड मोडून विलायतेला निघाला, तेव्हा बंगल्यावर त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. सासऱ्यांनी एक पेटी घेतली. पेटीत शिसवीचे, सुरेख कातलेले, हातभर उंचीचे नऊ लाकडी पाय होते. दोन टेबलं होतील आणि वर एक पाय उरेल, या आनंदात ते कामरगावला आले. घरी पेटी रिकामी केली तर तळाशी नारळाएवढे दोन लाकडी गोळे. टेबलाला गोळे कशाला, हे काही त्यांना उमगेना. महिन्याभरानं साहेबाचा खानसामा बाजारात भेटला. त्यानं पोट धरधरून हसत सांगितलं, "शेटजी, ते पाय नाईत. तो खेळ हाय. नऊ जन उभे करायचे अन् लांबून गोळा लोटून पाडायचे. सायबलोक बायकापोरांसंग खेळत."

दुसऱ्या कुणी लाजेनं पेटी माळ्यावर टाकली असती. सासऱ्यांनी ती पुढच्याच पौषात बैलबंडीत घातली आणि सगळं घर जगदेवच्या वावरात नेलं. जगदेव आमचा जुना घरोब्याचा शेतकरी. ज्वारी मळायला त्यानं खळं चोपून, सारवून तयार ठेवलेलं असायचं, घरातल्या फरशीसारखं सपाट. तेव्हापासून दर पौषात एक दिवस आमचं किराणा दुकान बंद आणि सगळे वावरात. खेळाचं नाव पडलं 'सायबाचे पाय', ते काही बदललं नाही.

मी प्रेमाबाई, या घरची थोरली सून. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी माझ्या हातात गोळा दिला आणि म्हणाल्या, "लोट." एरवी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळला तर डोळे वटारणाऱ्या बाई त्या. मी पदर कमरेला खोचला आणि पहिल्या फेकीत सात पाय आडवे केले. सासरे माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "माणिकचंद, हिच्यापासून सांभाळून राय बाप्पा." त्या दिवशी मला हे घर आवडलं. तोवर आवडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

या खेळात एक भानगड होती, आणि ती साहेबाच्या पेटीतून आली नव्हती, आमच्या सासूबाईंकडून, अंगुरीबाईंकडून आली होती. म्हणे पहिल्याच वर्षी गोळ्याखाली मुंग्यांची रांग चिरडली गेली. सासूबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. आम्ही जैन माणसं. चुलीत गोवरी घालतानाही आपटून, बघून घालणार, आत एखादा किडा असेल तर जगेल म्हणून. तिथं खेळापायी जीव मारायचे म्हणजे काय! मग सासूबाईंनी कायदा केला. प्रत्येक फेकीआधी मऊ कुंच्यानं गोळ्याची वाट झाडायची. तरीही कुणाला वाटेत काही चालताना दिसलं तर त्यानं 'जीव!' म्हणून हाक द्यायची. हाक आली की फेक थांबली. हाक देणाऱ्याशी वाद घालायचा नाही. तो जीव आपल्या वाटेनं निघून जाईपर्यंत सगळ्यांनी गुपचूप बसून राहायचं.

जगदेवची बायको सोजरबाई म्हणायची, "अवो बाई, तुमच्या खेळात खेळनं कमी अन् बसनंच जास्त हाय." होतंच तसं. एकदा गोगलगाय आली होती, तेव्हा तर आम्ही जेवणं उरकून घेतली. पण त्या बसण्यातच सासरे गोष्टी सांगायचे, जावा-जावांच्या कानगोष्टी व्हायच्या, दीर टिंगल करायचे. वर्षभर दुकानाच्या धबडग्यात जी माणसं एकमेकांकडे नीट बघत नसत, ती मुंग्या जाईपर्यंत बघत बसायची.

मग सासू-सासरे गेले, आणि चौऱ्याहत्तरच्या पौषात ते भांडण झालं.

धाकट्या दिरांनी, कस्तुरचंदांनी, एका फेकीत आठ पाय पाडले. नववा डुलला, डुलला आणि पडला. भाऊजी नाचायलाच लागले. सासऱ्यांच्या नंतर नऊ कुणीच पाडले नव्हते. आमचे हे म्हणाले, "तो वाऱ्यानं पडला. धरू नोको."

"गोळा लागला दादा. मी पाह्यला."

"मीबी पाह्यला. नाई लागला."

"लागला."

"तू लहानपनापासून खोटं बोलतं," हे म्हणाले.

आमच्या घरात मूर्ख म्हणा, आळशी म्हणा, गाढव म्हणा, माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. खोटारडा म्हणणं वेगळं. तेही बायकापोरांसमोर, जगदेवसमोर. भाऊजींनी हातातला गोळा खाली ठेवला आणि ते पायीच घराकडे निघाले. मी ह्यांना तिथल्या तिथं सुनावलं, पण तोंडातून गेलेला शब्द माझ्या सुनावण्यानं थोडाच परत येणार! चैत्रात अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. दुकानाचे दोन भाग झाले. भांडीकुंडी वाटली आणि शेवटी ती पेटी पंचांसमोर आली. पाच पाय थोरल्याला, चार धाकट्याला, गोळा एकेक. मी म्हटलं, "बरं झालं, भाऊजींचं निदान एक टेबल तरी होईन." कुणी हसलं नाही.

भिंत पुरुषांसाठी होती. माझी जाऊ राजमती सोळाव्या वर्षी या घरात आली, तेव्हा तिला नऊवारी सावरत नव्हती. पहिल्या वर्षभर तिची वेणी मी घातली आहे. तिची दोन्ही बाळंतपणं मी काढली, माझ्या टायफॉईडात तिनं मला मुलीसारखं सांभाळलं. गवंड्यानं भिंतीत मोरीचं पाणी जायला भोक ठेवलं होतं. मी इकडून, ती तिकडून, पाटावर बसून त्या भोकातून बोलत असू. वाटीभर कढी द्यायची तर मी उखळ पालथं घालून त्यावर चढायची. माझ्या वजनाच्या बाईनं उखळावर चढणं हे काही शोभेचं काम नव्हे, पण चढत होते.

दोघे भाऊ मात्र तीन वर्षं एक अक्षर बोलले नाहीत. आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला हात जोडून सगळ्यांची क्षमा मागायची असते, वैऱ्याचीसुद्धा. त्यातून सुटका नाही. या दोघांनी सुटका शोधून काढली. दोघांनीही एकमेकांना पोस्टकार्ड टाकलं. मधे एक भिंत, आणि कार्ड पोस्टात जाऊन, शिक्का खाऊन परत त्याच गल्लीत! पोस्टमन धरमसिंग एक कार्ड आमच्या दारात द्यायचा आणि चार पावलं चालून दुसरं त्यांच्या दारात. दुसऱ्या वर्षी तो ह्यांना म्हणाला, "शेटजी, पुढच्या सालापासून मीच मोठ्यानं वाचत जातो. भिंतीपलीकडी आपोआप आयकू जाईन." ह्यांनी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

शहात्तरच्या मार्गशीर्षात एका सकाळी राजमती त्या भोकापाशी आली आणि पाटावर बसली. मग म्हणाली, "बाई, आमी वाशीमले चाललो. टेशनच्या रस्त्यावर दुकान घेतलं ह्यायनं. वसंत पंचमीचा मुहूर्त हाय."

मी भांडी आपटली. दुसरं काय करणार! भिंत असली तरी भिंतीला कान लावता येतो. वाशीमला कान लागत नाही. आणि आमच्यासारख्या बायका एकट्या कुठं जातात? पुरुष गेले तर त्यांच्यामागे आम्ही. हे दोघे बोलत नसताना मला वाशीमला कोण नेणार, आणि तिला कामरगावला कोण आणणार? वसंत पंचमीच्या आत भाऊ भावाशी बोलला नाही, तर मला माझी राजमती पुन्हा दिसायची ती कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर मयतीत. हे मला सूर्यप्रकाशासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि ह्यांना दिसत नव्हतं, म्हणून माझा संताप संताप होत होता.

मग मी डोकं चालवलं. राजमतीला भोकातून पढवलं. तिनं तिच्या नवऱ्याला सांगायचं की गाव सोडण्याआधी पोट्ट्यांना एकदा जगदेवच्या वावरात न्या, चार पायांवर खेळतील. थोरल्यांकडचे काही येत नाहीत. मी ह्यांना सांगितलं, "तीन वर्सं झाले, पोट्टे इचारून राह्यले. पाच पाय हायेत न आपल्यापाशी? भाऊजी तर वाशीमच्या गडबडीत हायेत, त्यायले कोठची सवड." जगदेवला निरोप दिला की तोंड बंद ठेव. जगदेव म्हणाला, "मी बंद ठेवतो बाई, पन सोजरीचं काय सांगावं."

आम्ही आधी पोचलो. मी आणि सोजरबाईनं गोवऱ्यांचा विस्तव केला, कणकेचे रोडगे वळून त्यात घातले, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी चढवली. तेवढ्यात बांधावर दुसरी बंडी दिसली. ह्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी आजवर विसरले नाही. मी विस्तवाकडे पाहिलं. तिकडे भाऊजी बंडीतून अर्धे उतरून तसेच थांबले होते. पण रोडगे विस्तवात गेले होते. एवढ्या माणसांचं अन्न टाकून जायचं हे दोघांपैकी कुणालाच जमणार नव्हतं. तेवढा भरवसा होता मला.

मग जे झालं ते बघून सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. खळ्याच्या या टोकाला ह्यांनी पाच पाय उभे केले, त्या टोकाला भाऊजींनी चार. मधे खळ्याचा मेढा, मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. दोघेही पाठीला पाठ करून खेळायला लागले. पोट्टे कधी इकडे, कधी तिकडे. त्यांना नऊ पायांची मजा दोन हप्त्यांत मिळत होती. राजमती माझ्यापाशी बसून शेंगा सोलत होती आणि प्रत्येक फेकीला दचकत होती. "बाई, बोलतीन का वो?" तिनं विचारलं. "बोलतीन," मी म्हटलं. "न बोलून जातीन कोठी?"

पण दुपार कलली तरी कुणी बोललं नाही. ह्यांच्याकडे वाट झाडायला मीच कुंचा घेऊन बसले होते. ह्यांनी पाच पाडले तरी तोंडावर काही नाही, तीन पाडले तरी काही नाही. भाऊजींचं तसंच. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. मी सोजरबाईवर चिडले, जगदेवच्या बैलांवर चिडले, रोडगे करपले म्हणून रोडग्यांवर चिडले. आमचं जेवण सूर्य बुडायच्या आत व्हायला हवं, आणि सूर्य बाभळींच्या शेंड्यांवर आला होता. आता जेवायचं, बंड्या जुंपायच्या, संपलं.

"ही शेवटची," हे म्हणाले.

मी वाट झाडली. धोतराचा सोगा खोचून, डावा हात गुडघ्यावर ठेवून हे वाकले. सासरे, आमचे मामाजी, असेच वाकायचे, अगदी असंच मान एका बाजूला घालून. माझ्या मनात आलं, मामाजीच उभे आहेत. भाऊजी आपला खेळ थांबवून मेढ्यापाशी येऊन उभे होते, ते मला तेव्हा दिसलं. ते ह्यांच्या पाठीकडे बघत होते. ह्यांचा हात मागे गेला.

"जीव!"

हे जागच्या जागी थांबले. गोळा निसटता निसटता दोन्ही हातांनी धरला, तोल जाऊन एक गुडघा टेकला. भाऊजी स्वतःच घाबरल्यासारखे दिसत होते. मग तीन वर्षांनी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं.

"दादा, थांब. मुंग्या हायेत."

मी कुंचा घेऊन धावले, उकिडवी बसले. आत्ता मीच झाडलेली जमीन. शेणानं सारवलेली, कोरी. मुंगी सोडा, काडी नव्हती. मी वर पाहिलं. भाऊजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. राजमतीनं तर थोरल्या दिरांसमोरचा पदर पार मागे सारला होता. माझी जीभ तिखट आहे, पण खोटी नाही. गाव साक्ष देईल.

"लय हायेत," मी म्हटलं. "मोठी रांग हाय."

हे जवळ आले. वाकून बघायला लागले. ह्यांची नजर अशी की मोहरीच्या ढिगातला खडा उभ्यानं दिसतो. ते बघत राहिले. तीन वर्षांपूर्वी याच जागी जो शब्द बोलले होते तो आत्ता नुसता ओठांवर आला असता तरी सगळं कायमचं संपलं असतं.

ह्यांनी गोळा बाजूला ठेवला आणि ते मांडी घालून बसले.

"बसा मंग," ते म्हणाले. "जाऊ द्या त्यायले."

भाऊजी वाटेच्या पलीकडे बसले. मधे हातभर रिकामी जमीन. पोट्ट्यांपैकी एकजण "कोठी हायेत?" म्हणत पुढे आला, त्याला राजमतीनं दंडाला धरून मागे ओढलं. दोघे आपले जमिनीकडे बघताहेत.

"कोठून निंगाल्या असतीन?" शेवटी भाऊजी म्हणाले.

"त्या बोरीखालून." ह्यांनी बोटानं दाखवलं. "तिकडीच वारूळ होतं."

"अन् चालल्या कोठी?"

ह्यांनी बांधाकडे पाहिलं. "वाशीमले चालल्या असतीन," ते म्हणाले.

भाऊजींनी मान खाली घातली. मी कुंचा तोंडावर धरला.

"पानी कसं हाय तेथलं?" ह्यांनी विचारलं.

"बरं हाय. हिरीचं हाय. उलसं जड हाय."

"जड पानी पोट्ट्यायले बाधते. उकळून देत जाय म्हना."

"हो."

"दुकानाचं तोंड कोनीकडी हाय?"

"पूर्वेले."

"मंग चांगलं हाय."

त्यानंतर त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं. दुकानात फळ्या कशा ठोकायच्या, शेलूबाजारच्या वाटेनं ट्रक न्यावा की कसा, गूळ कुणाकडून घ्यावा. मग मामाजींवर गाडी आली. मामाजींनी नऊ पाय पाडले ते बासष्ट साली की त्रेसष्ट साली, यावरून दोघे कडाकडा भांडले. भाऊजी म्हणाले, त्या साली आई पांढऱ्या शालीत होती. हे म्हणाले, ती शाल मीच आणली अमरावतीहून, तुले काय माईत. मामाजी त्या वेळी आनंदानं इतके मागे सरकले की रोडग्यांच्या विस्तवावर बसता बसता राहिले, हे दोघांनाही एकदम आठवलं, आणि दोघे एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसायला लागले. जगदेव लांबून हसत होता. सोजरबाई मात्र डोळे पुसत होती. पहिल्या वर्षी मामाजींनी स्वतः भाजलेला पहिला रोडगा तिनं खाल्ला होता.

सूर्य बुडायला आला तेव्हा मी ताटं तिथंच नेली. करपलेल्या रोडग्यांत तूप ओतलं. दोघांनी वाटेच्या दोन बाजूंना बसून जेवण केलं, पण ती वाट काही कुणी ओलांडली नाही. मुंग्या होत्या ना.

परतताना दोघे भाऊ पुढच्या बंडीत बसले आणि मी आणि राजमती मागच्या बंडीत. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती जाणार होतीच. वसंत पंचमीला त्यांचा ट्रक गेला, आणि त्यावर सामानाच्या टोकाशी, टोपी धरून, आमचे हे बसले होते; आठ दिवस वाशीमला राहिले ते. तो महिनाभर मला घर खायला उठलं. जे मागितलं होतं ते मिळालं, तरी रडले. माणसाचं असंच असतं.

पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर हे अंगणात पाय धूत होते. मी पंचा घेऊन उभी होते.

"खरं सांग," ते म्हणाले. "होत्या का?"

वावरात एकदा खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा जमलं नाही. "नोत्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पायावर पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी ओतत होते.

"मले माईत होतं," ते म्हणाले. "पन तीन वर्सांनं दादा म्हनला तो. अजून दोन घंटे बसलो असतो मी."